पहिल्या रांगेतली दुसरी खुर्ची

दाभणकाकांच्या दुकानावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण पाटी वाचतो कोण! ताडपत्री शिवून हवी असली की लोक सरळ विचारतात, दाभणकाका कुठे बसतात? हातात सदान्‌कदा दाभण असतो म्हणून हे नाव पडलं, असं काका सांगतात. जीभही तशीच आहे म्हणून पडलं, असं बाजार सांगतो. दोन्ही खरं आहे.

बोटींवरची आच्छादनं, ट्रकवरच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छपरं, असलं सगळं काका शिवतात. तळहाताला चामड्याची पट्टी, दोऱ्याला मेण, आणि तोंडानं अखंड टीका. गिऱ्हाईकानं दुसऱ्याकडून शिवून घेतलेलं काही दुरुस्तीला आणलं की काका ते दोन बोटांत धरून उजेडाकडे नेत आणि म्हणत, "हे कुणी शिवलं? हातानं शिवलं की पायानं?" गिऱ्हाईक हसलं तर ठीक, नाही हसलं तर दरवाजा उघडाच होता. काकांचा टाका मात्र कधी उसवल्याचं कुणी ऐकलं नाही, त्यामुळे लोक शिव्या खाऊनही परत येत.

घर दुकानाच्या वरच, दोन खोल्यांचं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून काका एकदाच स्वयंपाक करतात आणि तोच दोनदा जेवतात. रेडिओ दिवसभर चालू. बातम्या ऐकायला नव्हे, कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं म्हणून. शेजारीण सांगते की एकदा जिन्यावरून जाताना तिनं काकांचं जोरजोरात भांडण ऐकलं, तिला वाटलं पाहुणे आलेत. पाहुणे कसले! काका हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या बाईशी भांडत होते.

तर अशा या काकांकडे एका सकाळी शिल्पकार बाई आली. वयानं तिशीच्या आतबाहेर, नखांत माती, आणि डोळ्यांखाली न झोपल्याच्या खुणा. किनाऱ्यावरच्या नव्या बागेत नगरपालिकेनं तिचं शिल्प बसवलं होतं. आता अनावरणापर्यंत ते झाकून ठेवायचं होतं. नुसतं कापड टाकून भागत नव्हतं, समुद्रावरचा वारा ते तासाभरात उडवून नेई. दोनदा तसं झालंही होतं.

"गवसणी शिवून हवीये, काका. अंगावर घट्ट बसणारी. पण दोर ओढला की एका झटक्यात उघडली पाहिजे."

"कशाचा पुतळा आहे?"

"शिल्प आहे. एक माणूस बसलाय आणि बुटातली वाळू झटकतोय."

"देव नाही, पुढारी नाही, बूट झटकणारा माणूस?"

"हो."

"केवढा?"

"चौदा फूट."

काकांनी दाभण थांबवून तिच्याकडे पाहिलं. असल्या वेळी त्यांच्या जिभेवर दहा वाक्यं तयार असत. पण त्या पोरीच्या चेहऱ्यावर अशी काही धास्ती होती की त्यांनी दहाच्या दहा गिळली आणि म्हणाले, "मापं घ्यायला उद्या येतो."

पुतळा पाहिल्यावर त्यांना तो आवडला. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पितळी रंगाचा तो थोराड माणूस एक पाय गुडघ्यावर टाकून बसला होता, बूट उलटा धरून त्यात डोकावत होता, आणि त्याच्या तोंडावर असा वैताग होता की काकांना तो आपल्याच नात्यातला वाटला.

आता हे उघडण्याचं काम कसं करायचं, तर साखळीटाक्यानं. साखरेच्या पोत्याचं तोंड आठवा. बरोबर टोक हाती लागलं की सर्रकन सगळी शिवण उसवते, चुकीचं धरलं की दात हलले तरी सुटत नाही. काका वरून खाली तशी एकच लांब शिवण घालणार होते. शेवटचा फास खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर. त्याला गोंड्याचा दोर. दोर ओढला की शिवण खालून वर उसवत जाणार आणि कापडाचे दोन भाग दोन बाजूंना पडणार. पण तोवर कुणी मस्तीत ओढू नये म्हणून शेवटच्या फासातून दोऱ्याचं टोक ओवून एक गाठ मारून ठेवायची. याला काका कुलूप म्हणत. कुलूप कार्यक्रमाच्या आधी सोडायचं, बस. सोडणं दोन बोटांचं काम, पण कुठे आहे ते माहीत असलेल्या बोटांचं.

"तुम्हाला काय द्यायचं?" बाईनं विचारलं.

"पास द्या. दोन. पहिल्या रांगेतले. जेवणाच्या डब्याच्या कूपनांसकट."

"दुसरा कुणासाठी?"

"मुलीसाठी," काका म्हणाले, आणि उगाचच दोऱ्याला मेण लावायला लागले. दोऱ्याला आधीच पुरेसं मेण होतं.

मुलीची गोष्ट सांगायला हवी. काकांना ही एकच लेक. घरात तिला गुंडी म्हणत, कारण लहानपणी सारखी गुंड्यांच्या डब्यात हात घालून बसायची. दुकानातच वाढली. दहाव्या वर्षी फास ओळखायची, बाराव्या वर्षी बापाच्या टाक्यात खोट काढायची, आणि अशी खोट काढली की बाप दिवसभर खूश. मग ती शिकली, लग्न करून तीन तासांवरच्या गावी गेली. जावई भला माणूस. चार वर्षांपूर्वी त्यानं औषधांचं दुकान काढलं. उद्घाटनाला काका गेले. सगळं छान चाललं होतं. पाहुणे दुकानापुढच्या नव्याकोऱ्या कापडी छपराखाली उभे होते, आणि काकांची नजर वर गेली.

"हे टाके कुणी घातले? असले टाके मी पायपुसण्यालासुद्धा घालणार नाही!"

"बाबा, नंतर," गुंडी म्हणाली होती. हळूच म्हणाली होती, हात धरून म्हणाली होती.

पण ऐकतील तर ते काका कसले! जित्याची खोड. "नंतर कशाला, आत्ताच दाखवतो," म्हणत त्यांनी कडेचा दोरा धरून एक हिसका दिला, आणि आख्खं छप्पर पाहुण्यांच्या डोक्यावर. कुणाला लागलं नाही. जावई हसला. गुंडीच्या सासूबाई हसल्या नाहीत. गुंडी कापडाखालून बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि काका मात्र दोरा हातात धरून सगळ्यांना दाखवत होते की बघा, मी बरोबर होतो.

बरोबर होते. त्या दिवसापासून गुंडी बापाशी बोलली नाही. काका बोलले असते, पण आधी कोण बोलणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन पीळ. खुशाली जावयाकडून कळे. महिन्यातून एकदा तो फोन करी, "ती बरी आहे, तुम्ही बरे आहात ना?" काका म्हणत, "मला काय धाड भरलीय," आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहत.

या वेळी मात्र काकांनी स्वतः फोन लावला. जावयाला पुतळ्याबद्दल, गवसणीबद्दल, पहिल्या रांगेबद्दल सांगितलं. मग म्हणाले, "तिला विचार. यायचं असेल तर. नसेल तर राहू दे."

दोन दिवसांनी जावयाचा फोन आला. "येते म्हणालीये. रविवारी सहाच्या बसनं निघेल, साडेनवापर्यंत बागेत. आणि बाबा... फक्त जरा सांभाळून घ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला माहितीये."

काकांना माहीत होतं. त्यांनी त्या आठवड्यात घर झाडलं, लेकीची जुनी खोली म्हणजे खिडकीजवळचा कोपरा, तिथला ताडपत्र्यांचा ढीग हलवला, नवी चादर आणली. ओढ्यात पाणी यावं तसा आठवडाभर त्यांना बोलण्याचा उमाळा येत होता. काय काय बोलायचं ते दाभण चालवताना मनात म्हणून बघत. "चुकलं माझं" हे दोन शब्द त्यांनी पुतळ्याच्या गुडघ्याशी शिडीवर बसून मोठ्यानं म्हणूनही पाहिले. जड होते, पण निघाले तोंडातून.

रविवारी नऊ वाजताच काका बागेत हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. लांबचा चष्मा घरी टेबलावर. तो लावला की म्हातारा दिसतो, असं त्यांचं मत होतं. जवळचं त्यांना अगदी दाभणाच्या नेढ्यापर्यंत स्वच्छ दिसे, लांबचं सगळं पाण्यात भिजल्यासारखं.

दिवस सहलीचा होता. कार्यक्रमानंतर दिवसभर बागेतच थांबायचं, खायचं, पोरांनी उंडारायचं, असा बेत नगरपालिकेनं आखला होता. आख्खं गाव लोटलं होतं. टोप्या, छत्र्या, चटया, डबे. हिरवळीवर पाय ठेवायला जागा नाही. वारा भन्नाट, पण गवसणीची सुरकुतीसुद्धा हलत नव्हती. चौदा फुटी राखाडी गाठोडं मधोमध बसलं होतं आणि खाली पिवळा गोंडा लोंबत होता.

काका पहिल्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी रुमाल टाकला. रुमाल धुतलेला, घडी घातलेला.

"इथे कुणी आहे का?" एका बाईनं विचारलं.

"आहे."

"दिसत नाही कुणी."

"म्हणून रुमाल टाकलाय. दिसला ना रुमाल?"

बाई नाक मुरडून गेली. मग बागेचे अधीक्षक आले. गळ्यात ओळखपत्र, हातात यादी, कपाळावर घाम. त्यांच्या साडूंना पहिल्या रांगेत बसवायचं होतं.

"काका, कुणी येईपर्यंत बसू द्या त्यांना."

"नाही."

"अहो, आल्या की उठतील ते."

"पास माझा आहे. साडू तुमचे आहेत. तुमच्या मांडीवर बसवा."

आवाज चढले. मागच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. काका उभे राहिले, पास हवेत नाचवला, आणि अधीक्षकांच्या यादीची, नियोजनाची, झालंच तर बागेत लावलेल्या रोपांची यथास्थित सालटी काढली. शेवटी साडू स्वतःच लाजून मागे निघून गेले. काका विजयी मुद्रेनं खाली बसले. साडेनऊला पाच मिनिटं कमी होती.

साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. बागेचं फाटक समोरच होतं आणि फाटकाबाहेर बसथांबा. काका डोळ्यांत तेल घालून बघत होते. लांबची माणसं त्यांना धूसर दिसत, पण ते चेहरा शोधतच नव्हते. गुंडीची कमरेपर्यंतची वेणी ते शोधत होते. ती वेणी त्यांना मैलावरून ओळखू आली असती. बायको दवाखान्यात होती तेव्हा काकांनी स्वतः दीड महिना ती घातली होती, दोरखंडासारखी करकचून, आणि पोरगी रोज शाळेत रडत गेली होती.

दहा वाजता त्यांनी जावयाला फोन लावला.

"निघाली की ती! पहाटेच. मी सोडलं थांब्यावर. पोचली असेल बघा."

"नाही पोचली."

"मग बस रखडली असेल कुठेतरी. फोन करून बघा ना तिला."

"करतो," काका म्हणाले. केला नाही. चार वर्षांनी पहिलं बोलणं आणि ते फोनवर? छे! समोर बसवून बोलायचं होतं ते.

पावणेअकराला अधीक्षक परत आले. आता त्यांचा सूर कोरडा होता. "नगराध्यक्षबाई निघाल्यात. ते तुमचं कुलूप का काय, सोडून ठेवा."

काका गवसणीशी जाऊन उकिडवे बसले. कापडाची कड उलटली. गाठ बोटांत आली. एक चिमटा, एक हिसका, झालं असतं. त्याच वेळी फाटकाबाहेर बस थांबली. काकांनी मान वर केली. दहा-बारा माणसं उतरली. एक म्हातारं जोडपं, दोन पोरं, एक लठ्ठ माणूस. वेणी नाही.

पुढची बस अकरा दहाला होती. काकांनी वेळापत्रक तोंडपाठ केलं होतं. अनावरण अकराला. म्हणजे ती फाटकातून आत येईल तेव्हा कापड पडून गेलेलं असेल, टाळ्या वाजून गेलेल्या असतील, आणि तिच्या खुर्चीवर कुणाचा तरी साडू बसलेला असेल. चार वर्षांनी पोरगी येतेय आणि बापाचं काम उघडताना बघायला नाही मिळालं, असं कसं चालेल? दहा मिनिटांचा तर प्रश्न. दहा मिनिटांनी कुणाचं काय जातंय?

त्यांनी कड पुन्हा खाली केली.

"सोडलं?" अधीक्षकांनी लांबून विचारलं.

"हो," काका म्हणाले.

अकरा वाजता भाषणं आटोपली. नगराध्यक्षबाईंनी हसून गोंडा धरला आणि ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. लोक हसले. बाईंनी चप्पल घट्ट रोवून दोन्ही हातांनी ओढला, दोर ताणला, गवसणी मात्र ढिम्म. मागून कुणीतरी ओरडलं, "आतल्या माणसानं धरून ठेवलीये!" हशा पिकला. मग दोन शिपाई आले, दोघांनी मिळून ओढला, गोंडा हातात आला आणि दोघे एकमेकांवर आपटले. आता तर पोरं टाळ्या वाजवायला लागली.

"काका!" अधीक्षकांचं तोंड लाल झालं होतं.

"खाऱ्या हवेनं दोरा फुगलाय," काका शांतपणे म्हणाले. "जरा वारं लागू द्या. दहा मिनिटं."

"मघाशी तर म्हणालात सोडलं!"

"सोडलंच होतं. हवेला मी काय करू?"

सूत्रसंचालकानं माइक हातात घेतला आणि बागेतल्या झाडांची माहिती सांगायला सुरुवात केली. ती संपल्यावर त्यानं बाकांची माहिती सांगितली. अकरा दहाची बस आली. काकांचा जीव टांगणीला लागला. उतरले सातजण. काकांनी सातही पाठी निरखून पाहिल्या. मग त्यांनी सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. टोप्याच टोप्या. वेणी कुठेच नव्हती.

तेवढ्यात शिल्पकार बाई त्यांच्याजवळ आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "काका, खरं सांगा, उघडेल ना ते? तीन वर्षं लागली मला. सगळे हसतायत."

आणि काकांना स्वतःची लाज वाटली. खरीच वाटली. कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्या पोरीसाठी आपण दुसऱ्याच्या पोरीला गावासमोर उभं केलंय, हे त्यांच्या डोक्यात त्या क्षणी शिरलं. ते गुडघ्यावर बसले, कड उलटली, आणि दोन बोटांनी गाठ सोडली.

अधीक्षक वाकून बघत होते. "अरे, गाठ होती! मुद्दाम केलंत तुम्ही!"

इथे गप्प बसायचं होतं. किंवा चुकलो म्हणायचं होतं. आठवडाभर सराव केलेले शब्द तोंडात तयार होते. पण चारशे माणसांसमोर कुणी आवाज चढवला की काकांची जीभ त्यांना विचारून चालत नसे. "चाळीस वर्षं शिवतोय मी! तुमच्यासारख्यांनी मला शिकवायचं नाही!" शेजारीच सूत्रसंचालकाचा माइक उघडा होता. शेवटच्या रांगेपलीकडच्या झाडांपर्यंत सगळ्यांनी ते स्वच्छ ऐकलं.

मग नगराध्यक्षबाईंनी उरलेला दोर ओढला. शिवण सर्रकन वर उसवत गेली, कापड दुभंगून दोन बाजूंना पडलं, आणि तो थोराड माणूस बुटात डोकावताना उन्हात लखलखला. आधी हशा, मग टाळ्या, मनापासूनच्या. पोरं धावत जाऊन त्याच्या पायावर चढली. शिल्पकार बाई रडत होती आणि हसत होती. काकांजवळून जाताना ती थांबली. "कापड छान पडलं," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

दुपार झाली. हिरवळीवर चटया पसरल्या, डबे उघडले. काकांनी दोन कूपनं देऊन दोन डबे घेतले आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. बारा पन्नासची बस आली. दीडची आली. सव्वादोनची आली. जावयाला पुन्हा फोन करायचा धीर होईना. काही बरंवाईट ऐकायला मिळालं तर? की ती अर्ध्या वाटेतून परत फिरली, हे ऐकायला मिळालं तर? दुसरं जास्त वाईट वाटलं आणि आपल्याला ते जास्त वाईट वाटतंय याचंही त्यांना वाईट वाटलं. सहलीला आलेली माणसं आइसक्रीम खात आतबाहेर करत होती. "काका, दोरा वाळला का?" असं विचारून जात होती. काकांनी एकालाही उत्तर दिलं नाही. दोन्ही डबे तसेच, पिशवीत.

चार वाजता पाय बोलायला लागले तेव्हा ते फाटकासमोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले. बाकावर आधीच एक बाई बसली होती. आखूड केस, डोळ्यांना काळा चष्मा, मांडीवर टोपी. काकांनी पिशवी मध्ये ठेवली आणि रस्त्याकडे बघत बसले.

"बाबा," ती बाई म्हणाली.

काकांनी वळून पाहिलं. हातभर अंतरावर ती बसली होती, आणि हातभर अंतरावरचं त्यांना अगदी स्वच्छ दिसे. हनुवटीवरचा तीळ. बायकोचं नाक.

"गुंडे," ते म्हणाले. "कधी आलीस?"

"सकाळीच. सव्वानऊला."

"सव्वानऊला? मग पुढे का नाही आलीस? खुर्ची होती तुझी. भांडून ठेवली होती."

"बघितलं ना मी भांडताना." तिनं चष्मा काढला. डोळे थकलेले होते. "आत शिरले आणि पहिलं तेच दिसलं. पाऊलच उचलेना. म्हटलं, मागे झाडाखाली बसू, कार्यक्रम नीट पार पडला की जाऊ. आजचा एक दिवस नीट गेला ना, तर तुम्हाला थोडे दिवस घरी घेऊन जायचं, असं यांना सांगून आले होते."

काकांनी मधली पिशवी बाजूला सरकवली.

"मग तुम्ही गाठ ठेवलीत," ती म्हणाली. "दोरा फुगला म्हणे! मला सांगता? मी त्या दुकानात वाढलेय. एका चिमटीत सोडलीत ती गाठ. ती बाई बिचारी पांढरीफटक पडली होती, बाबा. काय मिळवलंत?"

"तुझ्यासाठी ठेवली होती."

तिनं मांडीवरची टोपी उलटी केली.

"तू आली नव्हतीस. मला वाटलं, अकरा दहाच्या बसनं येशील. तुला दिसावं म्हणून थांबवलं. तुझी शपथ." काका भराभर बोलत होते, एरवी कधी बोलले नव्हते तसं. "चुकलं माझं. तेव्हाही चुकलं होतं. दुकानाच्या वेळी. तुझ्या पाहुण्यांदेखत."

निघाले शब्द. पण गुंडीचा चेहरा सैल झाला नाही. ती बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना त्याच्याशी कसं वागायचं ते ठाऊक होतं.

"खरं असेल. खरंच असणार. पण बाबा, मी त्या झाडाखाली होते ना, तेव्हा तुमची नजर दोनदा माझ्यावरून गेली. दोनदा. मी हातही वर केला. मग दुपारी तुम्ही फाटकाशी उभे राहिलात, तर मी गर्दीतून बाहेर पडून या बाकावर येऊन बसले. रस्त्यापलीकडे. अडीच तास. म्हटलं, आता ओळखतील, मग ओळखतील."

"केस," काका म्हणाले. "मी वेणी बघत होतो."

"केस कापून तीन वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलं नाहीत."

काकांनी पिशवीतला एक डबा काढून तिच्या पुढे केला. अन्न केव्हाच गार होऊन गेलं होतं. तिनं डबा घेतला, उघडला नाही, पण परतही दिला नाही.

"घरी चल," ते म्हणाले. "तासभर. खिडकीजवळचं सगळं आवरून ठेवलंय. चहा पिऊन जा."

"शेवटची बस आहे ही, बाबा. उद्या कामावर जायचंय."

"मग पुढच्या रविवारी?"

"बघू," ती म्हणाली. बस वळणावर दिसायला लागली होती. ती उठली, टोपी डोक्यावर घातली, आणि अचानक वाकून काकांच्या शर्टाची कॉलर नीट केली. कॉलर नीटच होती. "लांबचा चष्मा लावत जा," ती म्हणाली.

बस भरलेली होती. सहलीची निम्मी माणसं तिच्यातच चढत होती. गुंडी त्यांच्यात शिरली, एका टोपीमागे दुसरी टोपी, आणि दार लागलं. काका थांब्याच्या कडेला येऊन उभे राहिले. खिडक्यांच्या काचांवर कलतं ऊन पडलं होतं. कुठल्या खिडकीत ती बसलीय ते त्यांना कळेना. पुढच्या की मागच्या, या बाजूच्या की त्या. बस हलली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि सगळ्या बसलाच केला, पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत. आतून तीनचार हात हलले. त्यातला एक तिचा होता, असं काकांनी ठरवून टाकलं आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हात खाली घेतला नाही.